महाबळेश्वरचा पाऊस आणि फुफूचं गाव

फुफूचा फोन दरवर्षी बेंदराच्या आसपास यायचा. "तुमच्याकडं लागला का रे पाऊस?" हा तिचा पहिला प्रश्न. सलाम-दुवा नंतर. मी खिडकीतून पाचगणीच्या डोंगराकडं बघायचो. पसरणीचा घाट ढगात बुडालेला असायचा, वाईच्या पेठेत मात्र नुसती भुरभुर. "लागलाय, पण वर जास्त," मी सांगायचो. तिकडून ठरलेलं वाक्य यायचं, "हमारे यहाँ बादल आते, देखते, जाते."

फुफूला माण तालुक्यात दिली होती. वाईहून सातारा, मग पुसेगाव, दहिवडी असं करत तिच्या गावाला पोचायला लहानपणी दिवस जायचा. आता दोन-अडीच तास लागतात. शंभरेक किलोमीटरचं अंतर, जिल्हा एकच. फुफा गावचे मुलाणी. त्यांच्या घराण्याला कधीकाळी इनाम होतं म्हणतात, पण ते वाटण्यांत आणि गहाणात त्यांच्या आजोबांच्या वेळीच संपलं. उरल्या त्या पाच-सहा शेळ्या, जत्रेच्या वेळचा मान आणि लोकांच्या रानातली मजुरी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं याचा संबंध येणार आहे.

31 ऑक्टोबर 2023 ला राज्य सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सातारा जिल्ह्यातले दोन तालुके त्या यादीत होते, वाई आणि खंडाळा. माण नव्हता. खटावही नव्हता. कृष्णाकाठच्या, धोम धरणाच्या पायथ्याच्या वाईत दुष्काळ, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या नावापुढं 'दुष्काळी' हे विशेषण चिकटलंय तो माण बाहेर! आमच्याकडं चहाच्या टपरीवर लोक हसत होते. माणमध्ये कोणी हसत नव्हतं.

हसणाऱ्यांना वाटलं, काहीतरी राजकारण असणार. असेलही. पण मला त्यापेक्षा मोजण्याची पद्धत जास्त बोलकी वाटते. दुष्काळ ठरवताना एकूण पाऊस किती पडला यापेक्षा तो नेहमीच्या सरासरीच्या मानानं किती कमी पडला, मध्ये किती आठवडे खंड पडला, हे आधी बघतात. मग पिकाची हिरवाई, जमिनीतली ओल, धरणं-विहिरींतलं पाणी असे पुढचे निकष लागतात. आता ज्याला रोज चार भाकऱ्या मिळतात त्याला दोन मिळाल्या, तर तो हिशोबात उपाशी ठरतो. ज्याला रोज एकच मिळते त्याला त्या दिवशीही एक मिळाली, तर तो हिशोबात जेवलेला असतो. माणची सरासरीच पाचशे मिलीमीटरच्या आतबाहेर. तिच्यातून आणखी कमी होणार किती?

वाईचा दुष्काळ खोटा होता असं मी म्हणत नाही. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट होता. आमच्या तालुक्याच्या पूर्वेकडच्या शिवारात सोयाबीन माना टाकून उभं होतं, ते मी स्वतः बघितलंय. पण वाई तालुका म्हणजे तरी काय? पश्चिमेला जोरचं खोरं, तिथं पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही. पूर्वेला भुईंज-पाचवडच्या पुढं गेलात तर तिथला शेतकरी जुलैत आभाळाकडं बघत बसलेला. 2021 च्या जुलैत याच तालुक्यात कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड कोसळली, जोरकडची घरं आणि रानं पाण्यानं धुऊन नेली. त्या वेळी वर महाबळेश्वरात एका दिवसात सहाशे मिलीमीटरच्या जवळपास पाऊस झाला होता. म्हणजे माणला वर्षभरात जेवढा मिळत नाही तेवढा चोवीस तासांत. आणि दोनच वर्षांनी हाच तालुका दुष्काळाच्या यादीत.

पुढं नोव्हेंबरात उरलेल्या तालुक्यांतली हजाराहून जास्त महसूल मंडळं 'दुष्काळसदृश' म्हणून जाहीर झाली, त्यात माण-खटावचा नंबर लागला. फुफूच्या मुलानं मला फोन करून विचारलं, "सदृश म्हंजे काय रं, भाई?" मी म्हटलं, दुष्काळासारखं दिसणारं. तो म्हणाला, "मग खरा कसा असतो?"

शाळेत आपण पर्जन्यछाया शिकतो. अरबी समुद्रावरून आलेले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि ओझं टाकून देतात. डोंगर ओलांडून खाली उतरताना तीच हवा तापते, ढग विरतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि घाट उतरून वाईत आलात की सातशे-आठशे. पुढं पूर्वेला तो आणखी आटत जातो. पसरणी घाटाच्या एका एसटीच्या प्रवासात हे सगळं काचेतून दिसतं. वर खिडकी बंद, खाली खिडकी उघडी. नकाशावर चार बोटांचं अंतर, पण माणसाचं नशीब बदलायला पुरेसं.

पण शाळेत एक गोष्ट सांगायची राहते. माणच्या माणसाला आषाढ-श्रावणातल्या पावसाचं फार कौतुक नसतं. मृग आणि आर्द्रा त्याच्याकडं नीट येतच नाहीत. जुलैत तिकडं वारा असतो, अंगावरचं फडकं उडवून नेणारा, कोरडा वारा. बाजरी, मटकी, हुलगा पेरायचा तो नशिबावर. खरा पाऊस उशिरा येतो, तो उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांचा, म्हणजे सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरची सुरुवात. त्यावर ज्वारी पेरतात. तिची भाकरी माणसाला आणि कडबा जनावराला. वर्षाचा सगळा हिशोब त्या तीन-चार आठवड्यांवर. म्हणून वाईत जेव्हा आम्ही "यंदा पाऊसकाळ चांगला झाला" म्हणत छत्र्या माळ्यावर टाकतो, तेव्हा तिकडं परीक्षा सुरू होते. टीव्हीवर "धरणं भरली" ही बातमी ऑगस्टमध्येच येऊन जाते. ती बातमी माणची नसते.

त्यात तो पाऊस येतो तो शिस्तीत येत नाही. दोन तासांत शंभर मिलीमीटर पडून मोकळा होतो. खाली काळा पाषाण, वर हातभर माती, मध्ये मुरुमाचा थर. मुरायला जागा कमी, साठायला त्याहून कमी. ओढे गढूळ होऊन धावतात, माणगंगा दोन दिवस दोन्ही काठ भरून वाहते आणि पाणी पंढरपूरकडं भीमेला जाऊन मिळतं. फेब्रुवारीत पुन्हा विहिरीच्या तळाला घागर खरवडायची. 2025 च्या मे महिन्यात फलटण, बारामती भागात अवकाळीनं असा दणका दिला की पेरणीआधीच ओढ्यांना पूर आले. पावसाच्या आकड्यात हे सगळं जमा होतं. रानात किती जमा झालं, ते विचारू नका.

म्हणून "यंदा सरासरीच्या एकशे दोन टक्के पाऊस" असल्या वाक्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. पाऊस कधी पडला, केवढ्या वेळात पडला आणि कुठल्या जमिनीवर पडला, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

ऑगस्ट 2019 आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. आमच्या वाईतून, साताऱ्यातून तरुण पोरं बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी घेऊन टेम्पोनं सांगलीला गेली. मशिदीतूनही वर्गणी झाली, मंदिरातूनही झाली. त्याच दिवसांत, त्याच सांगली जिल्ह्यात, जत आणि आटपाडीकडं टँकर चालू होते. माणमध्ये चारा छावणीत जनावरं बांधलेली होती. फुफूच्या गावातले लोक टीव्हीवर सांगलीचा पूर बघत होते आणि दारात टँकरची वाट. एकाच नदीच्या खोऱ्यात एकाच आठवड्यात माणसं पाण्यात बुडत होती आणि पाण्यावाचून बसली होती. या जत तालुक्यातल्या काही गावांनी पाण्यासाठी वैतागून कर्नाटकात जायचा ठराव केला होता. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तो ठराव उकरून काढला, तेव्हा आपल्याकडं अस्मितेचा केवढा धुरळा उडाला! पाण्याबद्दल त्यातले किती जण बोलले?

इथं मला माझं खरं म्हणणं मांडायचं आहे. माणचा पाऊस डोंगरानं अडवला, त्याला कोणाचा इलाज नाही. पण डोंगरावर पडलेला तोच पाऊस नदी होऊन खाली येतो. कृष्णा, वेण्णा, कोयना सगळ्या महाबळेश्वरच्याच. नदी झाल्यावर ते पाणी कुणीकडं जायचं हे ढग ठरवत नाहीत, माणसं ठरवतात. कोयनेचं 105 टीएमसीचं धरण. त्यातलं 67 टीएमसीच्या आसपास पाणी वीज करून पश्चिमेला कोकणात उतरतं. विजेची गरज होती, आजही आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण ढगानं जे पाणी मोठ्या कष्टानं डोंगरावर आणून टाकलं ते आपण बोगद्यातून परत समुद्राकडं धाडतो, हे एकदा शांतपणे मनात आणून बघा. आमचं धोम साडेतेरा टीएमसीचं, त्याच्या वर बलकवडी सुमारे चार टीएमसीचं. बलकवडीचं पाणी डोंगराखालून बोगद्यानं खंडाळा-फलटणकडं जातं. म्हणजे पाणी डोंगर ओलांडू शकतं. मनात असलं की रस्ता निघतो.

माणच्या वाट्याला रस्ता फार उशिरा निघाला. बच्छावत लवादानं कृष्णेचं 560 टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलं, ते 2000 सालाच्या आत अडवून घ्या, नाहीतर वाटणीचा फेरविचार होईल, अशी तलवार डोक्यावर होती. मग 1996 मध्ये कृष्णा खोरे महामंडळ आलं, योजनांना वेग आला. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, आणि माण-खटावसाठी जिहे-कठापूर. कृष्णेतलं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून नेरच्या तलावात, तिथून बोगद्यानं आंधळीच्या धरणात. कागदावर सुंदर. ते पाणी आंधळीपर्यंत पोचायला पंचवीसेक वर्षं गेली. फुफूनं त्या योजनेची भाषणं चाळिशीत ऐकली, पाणी बघायला ती राहिली नाही. तिची दोन मुलं तोवर पांगली. एक विट्याकडच्या गलाई व्यावसायिकाबरोबर सोनं-चांदी गाळायला तमिळनाडूत गेला तो तिकडचाच झाला. खानापूर, आटपाडी, माणची अशी हजारो पोरं देशभर भट्ट्यांपुढं बसलीत. त्यांच्या समृद्धीचं आपण कौतुक करतो, ती दुष्काळाची निर्यात आहे हे विसरतो.

बरं, पाणी पोचलं. पुढं काय? इथं मुलाणी, तांबोळी, शिकलगार, अत्तार अशा घरांतल्या वाचकांनी जरा लक्ष द्यावं, कारण हा प्रश्न आपला आहे आणि आपण तो कधी विचारलेला नाही. कालव्याचं पाणी जमिनीला मिळतं, माणसाला मिळत नाही. सातबारा असेल तर पाणीअर्ज, सातबारा नसेल तर कालव्याच्या भरावावरून चालायला तेवढी परवानगी. दुष्काळ जाहीर झाला की मिळणाऱ्या सवलती काढून बघा. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषीपंपाच्या वीजबिलात सवलत. सगळ्या जमिनीवाल्याच्या. भूमिहीनासाठी काय, तर टँकर, रोजगार हमीचं काम आणि पोरांची परीक्षा फी माफ. महाराष्ट्रातल्या खेड्यांतला बहुसंख्य मुसलमान हा कारागीर, मजूर, छोटा विक्रेता. दलित वस्तीतल्या माणसाची गतही तीच. रानात पीक नसलं की आधी याची मजुरी जाते, आणि रानात पाणी आलं की शेवटी याच्यापर्यंत काही पोचलं तर पोचतं.

हे असंच असलं पाहिजे असं नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येनं द्यायचं. भूमिहीनालाही पाण्याचा हिस्सा. उसाला त्यातून पाणी नाही. सांगली जिल्ह्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, त्यामागं हाच समन्यायी वाटपाचा विचार होता. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत 1993 पासून पाणी परिषदा भरवल्या, तिथं दरवर्षी हेच मागणं. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे हेही सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. म्हणजे दुष्काळावरचा शहाणपणा आपल्याला बाहेरून आणायचा नाही. तो इथल्याच खडकातून निघालेला आहे. आपण तो गौरवग्रंथांत बांधून ठेवला आणि शेतात ऊस लावला.

उसाबद्दल बोललं की आमच्या भागातले मित्र नाराज होतात. मी काही ऊस उपटा म्हणत नाही, भावाची हमी असलेलं दुसरं पीक शेतकऱ्याला कोणी दिलंय? पण राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत चार-पाच टक्के असलेलं पीक सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी पितं. त्यातही पाटाचं पाणी रात्री दारं मोडून सोडायचं आणि सकाळी बघायला जायचं, ही आमची पद्धत. धोमच्या खालच्या एका गावानं सगळा ऊस ठिबकवर नेला, तर तेवढं पाणी खाली राहील. ते कोणाला द्यायचं हा प्रश्न मात्र आम्हाला आवडत नाही. माणमधल्या लोकांनी श्रमदान करून बांध घातले, चर खोदले, टाकेवाडीसारख्या गावानं 2018 ची वॉटर कप स्पर्धा जिंकली. त्यांच्या घामाला सलाम. पण वरच्यांनी मनमुराद वापरायचं आणि खालच्यांनी श्रमदानाचे धडे गिरवायचे, ही वाटणी मला पटत नाही.

आता आपल्या घरातलं. पाऊस लांबला की आपण ईदगाहवर इस्तिस्काची नमाज पढतो. साधे कपडे, उघडं आभाळ, इमामसाहेब अंगावरची चादर उलटी करतात. मी लहानपणापासून या नमाजला उभा राहिलोय आणि प्रत्येक वेळी गळा दाटून आलाय. पण गेल्या काही वर्षांत एक विचार पाठ सोडत नाही. आम्ही दुवा मागत होतो तेव्हा डोंगरावर पाऊस कोसळतच होता. देणाऱ्यानं दिलं होतं. वाटप आमच्याकडं होतं. पाणी, चारा आणि आग यांत सगळे भागीदार आहेत ही पैगंबरांची शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात किती वेळा ऐकतो. मला आठवत नाही की ती ऐकून कोणी पाणीवाटपाच्या बैठकीला गेलं.

वजूचंही तेच. वाहत्या नदीवर बसलात तरी पाणी उधळू नका, असं सांगणारा आपला दीन. पैगंबरांची वजू पाऊण लीटरच्या आसपास पाण्यात व्हायची. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत हौज काढून नळ बसवले, तेव्हा मी एकदा नळाखाली बादली ठेवून वजू केली. नेहमीच्या सवयीनं. सहा लीटर भरले. माझेच. कमिटीत विषय काढला तर एक बुजुर्ग म्हणाले, "अहो, कृष्णाकाठी राहून पाण्याची कंजूषी?" आमच्या नळाचं वाचलेलं पाणी माणला पोचत नाही, हे मला कळतं. पण कृष्णाकाठी राहतो म्हणून पाणी आपलंच, हा जो समज त्या वाक्यात आहे तोच पुढं पाटावर आणि कारखान्यावर मोठा होऊन बसतो.

आणि बकरी ईद. दुष्काळी वर्षात आटपाडी, म्हसवडकडच्या बाजारात बकरं स्वस्त होतं. चारा नाही, म्हणून धनगर कळप मोडतो, पडेल त्या भावाला देतो. 2019 ला आमच्याकडं कौतुकानं सांगत होते, यंदा चांगलं जनावर कमी पैशांत मिळालं. मीही घेतलं. फुफा हयात असते तर विकणाऱ्यांत ते उभे असते. त्या वर्षी फरक किती पडला ते काढून मी फुफूच्या मुलाला कडब्यासाठी पाठवला. त्यानं घेतला, पण चार दिवस फोन उचलला नाही.

परवा त्याचा फोन आला. आंधळीत पाणी बघायला गेला होता म्हणे, दुचाकीवर अर्ध्या तासाचा रस्ता. आसपासच्या गावांतली माणसं जत्रेसारखी जमली होती, पोरं पाण्यात उड्या मारत होती. मी विचारलं, "तुझ्यापर्यंत येणार का?" तो म्हणाला, "कुठं आणू, भाई? रान कुठाय?" मग त्यानं एक फोटो पाठवला. लांबवर पसरलेलं पाणी, काठावर कोणाच्या तरी शेळ्या पाण्याला तोंड लावून उभ्या. खाली लिहिलं होतं, ह्यांना सातबारा विचारत न्हाईत.

मी विचारलं, चाऱ्याचं काय? त्याचं उत्तर आलं, हस्त बघू.